इम्युनोथेरपी चालू आणि स्कॅनमध्ये गाठ वाढलेली: रिपोर्ट कसा वाचायचा?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला रेडिओलॉजिस्ट आहे. रोज सिटी आणि पेट-सिटीचे रिपोर्ट लिहितो, त्यात कॅन्सरचे पुष्कळ असतात. दोनेक महिन्यांपूर्वी संध्याकाळी एक ताई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात वडिलांचा रिपोर्ट, बोट शेवटच्या ओळीवर. ती ओळ मीच लिहिलेली: आधीच्या स्कॅनच्या तुलनेत गाठींच्या आकारात वाढ. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे औषध बंद ना आता?" औषधाच्या पैशांपायी घरातला ट्रॅक्टर गेला होता.

मी त्यांना बसवलं, दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवले. त्या गेल्यावर मात्र चैन पडेना. हे बोलणं रिपोर्ट हातात पडायच्या आधी व्हायला हवं होतं. म्हणून हा धागा.

केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते. गाठ आक्रसली तर औषध चाललं, वाढली तर नाही, हा हिशोब तिथे बराचसा जुळतो. इम्युनोथेरपीचं औषध (निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब वगैरे) गाठीला स्वतः काही करत नाही. आपल्या टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना) लागलेला ब्रेक ते सोडवतं. ह्या ब्रेकवरच्या कामासाठीच जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो ह्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ब्रेक सुटला की टी-पेशी गाठीत शिरतात, तिथे सूज येते, पाणी साचतं. सिटीवर सुजेचा करडा आणि गाठीचा करडा जवळजवळ सारखाच दिसतो. मोजायला गेलं तर गाठ मोठी भरते. ह्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, आपण खोटी वाढ म्हणू.

आता मोजण्याचा नियम. जगभर रेसिस्ट नावाची पद्धत वापरतात, सध्याची आवृत्ती २००९ ची. जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, एका अवयवात दोनच. प्रत्येकीचा लांबात लांब व्यास घ्यायचा, लिम्फ नोडचा (लसीकाग्रंथीचा) मात्र आखूड. मग सगळ्यांची बेरीज. बेरीज ३० टक्क्यांनी उतरली तर प्रतिसाद मिळाला असं धरतात. आतापर्यंतच्या सगळ्यात लहान बेरजेपेक्षा २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढली, किंवा नवी गाठ उगवली, तर वाढ.

त्या काकांचंच बघा. फुप्फुसातली गाठ २८ मिमी, यकृतातली १९, छातीतला नोड १५. बेरीज ६२. तीन महिन्यांनी ४१, १९, १६. बेरीज ७६. साडेबावीस टक्के वाढ, नियमाने नापास. पण मोजणी बाजूला ठेवून चित्र पाहिलं तर यकृत होतं तसंच, नोडमधला एक मिलिमीटर हा कर्सर कुठे टेकवला ह्यावर जातो, आणि फुप्फुसातल्या गाठीभोवती पहाटेच्या धुक्यासारखी कड आलेली. आधीच्या स्कॅनला हीच कड टोकदार, काटेरी होती. काका स्वतः जिना चढून आले होते आणि वजन दोन किलोनं वाढलेलं. हे सगळं त्या एका ओळीत कुठेच नव्हतं, आणि ती ओळ मी लिहिली होती.

डॉक्टरांच्या हे आधी लक्षात आलं ते इपिलिमुमॅब ह्या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या चाचण्यांत, मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) रुग्णांमध्ये. गाठी आधी वाढायच्या, क्वचित नव्याही दिसायच्या, आणि मग विरायच्या. २००९ मध्ये वोल्चॉक आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी वेगळे निकष मांडले. २०१७ मध्ये आय-रेसिस्ट, म्हणजे इम्युनोथेरपीसाठीचं रेसिस्ट, आलं. त्यात पहिल्यांदा दिसलेली वाढ 'खात्री बाकी' ह्या खात्यात टाकतात, रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात, आणि तेव्हाही वाढतच असेल तर खरी वाढ धरतात.

एक गोष्ट मात्र जड मनाने पण स्वच्छ लिहितो. खोटी वाढ कमी जणांमध्ये होते. मेलानोमात शंभरात साधारण दहाच्या आत, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्याहूनही कमी. बहुतेक वेळा वाढ ही वाढच असते.

विचारा, अनुभव लिहा. जमेल तसं उत्तर देत राहीन.

करवीरकन्या

डॉक्टर, अगदी आमच्या घरातलं लिहिलंत.

आईला किडनीचा कॅन्सर, निवोलुमॅब चालू होतं. चौथ्या महिन्यात पेट-सिटी केला. छातीच्या मधोमध दोन्ही बाजूंना नोड पेटलेले, फुलपाखराचे पंख पसरावेत तसे. मी रिपोर्ट रिक्षातच उघडला आणि घरी येईपर्यंत तोंडातून शब्द फुटला नाही. भाऊ म्हणाला, संपलं.

आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी मात्र स्कॅन दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "पोटातल्या गाठी लहान झाल्यात आणि छातीत मात्र इतकं सारखं, दोन्हीकडे? मला हा कॅन्सर वाटत नाही. सुई घालून बघू." दुर्बिणीतून श्वासनलिकेत शिरून नोडमधला तुकडा घेतला. आठ दिवस लागले. आई देवघरासमोर माळ ओढत बसायची आणि मी कपाटावरच्या रिपोर्टांच्या पिवळ्या पिशवीकडे बघत. रिपोर्ट आला: ग्रॅन्युलोमा, म्हणजे प्रतिकारपेशींचा गठ्ठा. कॅन्सरची पेशी नाही. टीबीची तपासणीही केली, ती निगेटिव्ह. औषधाने जागी झालेली प्रतिकारशक्ती नोडमध्ये जाऊन बसली होती, सार्कॉइडसारखी प्रतिक्रिया म्हणाले. औषध चालू ठेवलं. आई आज घरात आहे, परवा तिने पुरणपोळ्या केल्या.

त्या दिवशी तुकडा न घेता औषध बदललं असतं तर, हा विचार अजून रात्री येतो.

गोदाकाठचा

करवीरकन्या, आईंना नमस्कार सांगा. तुमच्या डॉक्टरांनी सममिती हेरली ती फार मोलाची. कॅन्सर सहसा इतका नेटका, दोन्हीकडे सारखा पसरत नाही.

पेटबद्दल इथे थोडं लिहितो. तपासणीआधी जे टोचतात ती किरणोत्सारी साखर असते. उपाशी बोलावतात, रक्तातली साखर बघतात, इंजेक्शन देऊन तासभर शांत पडून राहायला सांगतात, ते ह्याचसाठी. जी पेशी जास्त साखर खाते ती चमकते. कॅन्सरची पेशी खाते, पण चवताळलेली प्रतिकारपेशीही तितकीच हावरटपणे खाते. टीबीचा ग्रॅन्युलोमा असाच चमकतो. आपल्याकडे टीबी इतका आहे की चमकणाऱ्या नोडला कॅन्सर म्हणण्याआधी दोनदा थांबावं लागतं. त्यात ह्या औषधांवर असताना दबून राहिलेला टीबी उसळल्याची उदाहरणंही नोंदलेली आहेत. म्हणून नवी चमक जिथे शंकास्पद आणि हात पोचण्यासारखी असेल तिथे तुकडा घेण्याला मला तरी पर्याय दिसत नाही.

पेटवर आणखीही दिसतं. थायरॉइड सबंध चमकत असेल तर थायरॉइडायटिस (थायरॉइडची सूज), मोठं आतडं लांबच्या लांब चमकत असेल तर कोलायटिस (आतड्याची सूज). गाठी बघण्याच्या नादात हे निसटू नये. पुष्कळदा रुग्णाला त्रास सुरू व्हायच्या आधी स्कॅनला कळलेलं असतं.

सातपुडा

मी हा धागा तीन वेळा उघडला आणि बंद केला. आज लिहितो.

आमच्या बाबांचं उलट झालं. फुप्फुसाचा कॅन्सर, पेम्ब्रोलिझुमॅब. दोन डोसांनंतर स्कॅनमध्ये वाढ. मीच नेटवर ह्या खोट्या वाढीबद्दल वाचलं होतं. डॉक्टर म्हणत होते केमो जोडू या, मी म्हणालो चार आठवडे थांबू. बाबा तेव्हा जेवत नव्हते, रात्री पाठ दुखायची, बसून झोपायचे. मला वाटलं औषध काम करतंय म्हणून त्रास होतोय. चौथ्या आठवड्यात यकृत गाठींनी भरलं होतं. पुढे दीड महिना.

तुम्ही 'बहुतेक वेळा वाढ ही वाढच असते' हे लिहिलंत ते बरं केलंत. पण मला विचारायचंय, तेव्हा कळायला काही मार्ग होता का?

गोदाकाठचा

सातपुडा, लिहिलंत ह्यासाठी मनापासून आभार. तुम्ही वडिलांसाठीच थांबलात, ते कुणीही मुलाने केलं असतं.

विचारलंत म्हणून सरळ उत्तर देतो. मार्ग होता, पण तो स्कॅनमध्ये कमी आणि बाबांच्या अंथरुणाशी जास्त होता. आय-रेसिस्टमधली 'थांबून बघा' ही मुभा तब्येत टिकून असलेल्या रुग्णासाठी आहे. वजन घटतंय, दुखणं वाढतंय, माणूस अंथरुणाला खिळत चाललाय आणि स्कॅनही वाढ सांगतोय, अशा वेळी थांबायचं नसतं. हे सांगायची जबाबदारी आमची, नातेवाइकांनी नेटवर शोधायची नव्हे.

दुसरं म्हणजे, काही जणांमध्ये ही औषधं सुरू झाल्यावर गाठी आधीच्या वेगाच्या दुपटीने किंवा त्याहून वेगाने वाढतात. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये १३१ रुग्णांचा अभ्यास मांडला, त्यात १२ जणांत असं आढळलं. ह्याला हायपरप्रोग्रेशन म्हणतात. बाबांचं तेच होतं असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण हे ओळखायला दोन नव्हे, तीन स्कॅन लागतात: औषधाआधीचा जुना, औषध सुरू करतानाचा आणि नंतरचा. पहिल्या दोहोंवरून आधीचा वेग कळतो, त्याच्याशी नंतरचा ताडून बघायचा. तो जुना स्कॅनच बहुतेकांकडे नसतो. असला तर फिल्मच्या रूपात, आणि फिल्मवरून अशी मोजणी होत नाही.

सातपुडा

जुना स्कॅन होता डॉक्टर. ज्या सेंटरला केला तिथे सीडी मागायला गेलो तर म्हणाले सहा महिन्यांपूर्वीचं आमच्याकडे राहत नाही, फिल्म दिलीय ना. फिल्म अजून कपाटात आहे.

अक्षांश_५२

उशिरा येतोय, पण विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. मी मूळचा सांगलीचा, नेदरलँड्समध्ये वैद्यकीय प्रतिमांच्या विश्लेषणावर काम करतो. डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे.

गोदाकाठच्यांनी त्या धुकट कडेचं जे वर्णन केलं, तेवढ्याचसाठी आमचं क्षेत्र जन्माला आलं. रेसिस्ट एका गाठीतून एकच आकडा घेतं, व्यास. सिटीच्या चित्रात मात्र त्या गाठीचे हजारो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, बाकी सगळं त्या मापाने. ह्या ठिपक्यांच्या मांडणीतून शेकडो मोजमापं काढायची आणि त्यांचा रुग्णाच्या वाटचालीशी संबंध शोधायचा, ह्याला रेडिओमिक्स म्हणतात.

मांडणी म्हणजे काय ते सांगतो. मांजरपाटाचा तुकडा आणि घोंगडी दोन्ही लांबून करडीच. हात फिरवला की फरक कळतो. चित्रावर हात फिरवायची रीत अशी: एका ठिपक्याशेजारी कोणत्या छटेचा ठिपका किती वेळा येतो ते मोजून तक्ता मांडायचा. तक्त्याचा भार कर्णावर असेल तर पोत एकसारखा, विखुरला असेल तर खरबरीत. हे गणित १९७३ पासूनचं आहे, हॅरॅलिक आणि सहकाऱ्यांचं.

इम्युनोथेरपीत ह्याचा उपयोग काय? औषध चालेल का ह्याचा एक मोठा धागा म्हणजे गाठीत टी-पेशी आधीच पोचल्यात का. ते बघायला तुकडा काढावा लागतो, तोही एका गाठीच्या एका कोपऱ्याचा. २०१८ मध्ये गुस्ताव्ह रूसीच्याच गटाने, रोजे सुन आणि सहकाऱ्यांनी, नुसत्या सिटीवरून सीडी-८ टी-पेशींची (कॅन्सरच्या पेशींना मारणाऱ्या टी-पेशींची) वस्ती ओळखायचा प्रयत्न लॅन्सेट ऑन्कॉलॉजी ह्या नियतकालिकात मांडला. १३५ रुग्णांवर सूत्र शिकवलं, मग इतर गटांवर तपासलं. त्यातल्या १३७ जणांना इम्युनोथेरपी मिळाली होती. ज्यांचा गुण वरचा होता ते सरासरी जास्त जगले, मध्यक २४.३ महिने, खालच्या गटाचा ११.५.

वाचून उर भरून येतो ना? माझाही आला होता. पण त्याच अभ्यासात वेगळ्या रुग्णांवर टी-पेशी ओळखण्याची अचूकता ०.६७ भरली. नाणं उडवलं तर ०.५ येते, बिनचूक असेल तर १. म्हणजे धागा खरा आहे, पण एका रुग्णाचं औषध ठरवावं इतका मजबूत नाही.

आणि ह्याहून मोठा धडा आमच्याच क्षेत्राने शिकलाय. २०१४ मध्ये एर्ट्स आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. १,०१९ रुग्ण, ४४० मोजमापं, फुप्फुसाच्या आणि डोक्यामानेच्या कॅन्सरचं भवितव्य सांगणारं सूत्र. त्याने रेडिओमिक्सला नाव मिळवून दिलं. २०१९ मध्ये वेल्च आणि सहकाऱ्यांनी त्या सूत्राची परीक्षा घेतली. गाठीच्या आतले ठिपके पत्ते पिसावेत तसे पिसले. पोत पार विस्कटला. तरी सूत्राचं भाकीत जवळजवळ तितकंच बरोबर! कारण सूत्रातली बहुतेक मोजमापं घुमवून फिरवून गाठीचं आकारमानच मोजत होती. मोठी गाठ वाईट, हे तर आपल्या आजीलाही ठाऊक.

तेव्हापासून आमच्या टेबलावर नवं सूत्र आलं की मी पहिलं हेच विचारतो: आकारमान काढून घेतलं तर उरतं काय?

कोवळं_ऊन

फार माहितीपूर्ण धागा, सगळ्यांचे आभार. मला विचारायचंय ते असं: आमच्या सासऱ्यांना पुढच्या महिन्यात इम्युनोथेरपी सुचवली आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की सीटी स्कॅन अपलोड करा, एआय सांगेल इम्युनोथेरपी लागू पडेल की नाही. पैसे बरेच मागतात. घरात दोन तट पडलेत. करावं का?

अक्षांश_५२

कोवळं_ऊन, करू नका. मी ह्याच कामावर पोट भरतो आणि तरीही सांगतो, करू नका.

कारणं डॉक्टर देतीलच, माझ्या बाजूचं देतो. एकच माणूस, एकच गाठ. एका मशीनवर ५ मिमी जाडीचे काप घेतले, दुसऱ्यावर सव्वा मिमीचे. कॉन्ट्रास्ट सोडल्यावर एकाने ४० सेकंदांनी चित्र घेतलं, दुसऱ्याने ७० ने. चित्र धारदार करायचं सॉफ्टवेअर वेगळं. आमची पोताची मोजमापं ह्या नुसत्या फरकांनी बदलतात, गाठ तीच असताना. एकाच मोजमापाचं गणित वेगवेगळ्या प्रयोगशाळा वेगवेगळं करत, म्हणून आंतरराष्ट्रीय गटाने बसून १६९ मोजमापांची व्याख्या पक्की केली, ती २०२० मध्ये आली. ते फार चांगलं काम आहे. पण मशीनमधला फरक त्याने मिटत नाही. तुमच्या गावच्या मशीनवरचा स्कॅन अशा सूत्राने कधी पाहिलेलाच नसेल तर त्याचं उत्तर म्हणजे अनोळखी गावातल्या माणसाला रस्ता विचारणं.

एकट्या स्कॅनवर सगळा भार टाकणंच मुळात चुकतं असं माझं मत होत चाललंय. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या गटाने २०२२ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २४७ रुग्णांचा सिटी, तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखालची काच आणि जनुकांची माहिती एकत्र करून सूत्र बांधलं. अचूकता ०.८०. त्यांच्याच रुग्णांत एकट्या पीडी-एल१ (गाठीच्या तुकड्यातलं एक प्रथिन) चाचणीची ०.७३. सगळं एकत्र आलं की थोडं वर सरकतं. कागदावर एवढंसं दिसतं, पण दिशा मला हीच बरोबर वाटते.

गोदाकाठचा

सहमत. उपचार ठरवताना आज पीडी-एल१, एमएसआय (गाठीतल्या डीएनए-दुरुस्तीतला बिघाड), काही ठिकाणी म्युटेशनचा भार (जनुकांत किती बदल झालेत), एवढंच बघतात. स्कॅनवरून औषध निवडणारं सूत्र कुठल्याच नित्याच्या उपचारपद्धतीत नाही. ते पैसे सासऱ्यांच्या पीडी-एल१ चाचणीला आणि एका चांगल्या, नीट घेतलेल्या सुरुवातीच्या स्कॅनला लावा.

टेकडीवरचा

मी कॅन्सरच्या औषधोपचाराचं काम करतो, विदर्भात. दोन गोष्टी जोडतो.

एक पैशाची. वर ट्रॅक्टरचा उल्लेख आलाय. आमच्या ओपीडीत रोज हेच. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोक्यामानेच्या कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या १५१ रुग्णांवर चाचणी केली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडाने घ्यायची स्वस्त तिहेरी औषधं सगळ्यांना, आणि निम्म्यांना जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा असतो. वर्षभराने हयात असणारे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेले. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या भागात ह्याचं मोल काय ते मी सांगायला नको. पण म्हणूनच सांगतो, इतक्या कमी डोसातही कुणाला उपयोग होणार आणि कुणाला नाही हे आधी कळलं तर किती घरं वाचतील! अक्षांश, तुमच्या क्षेत्राकडून आम्हाला हे हवंय. आजच हवंय असं नाही, पण आमच्या मशीनवर, आमच्या रुग्णांवर तपासलेलं हवंय.

दुसरी गोष्ट तातडीची. ह्या औषधांवर असलेल्या माणसाला नवा कोरडा खोकला आला, चालताना धाप लागू लागली, तर पुढच्या ठरलेल्या स्कॅनची वाट बघू नका. फुप्फुसाला प्रतिकारशक्तीनेच सूज आलेली असू शकते, न्यूमोनायटिस. सिटीवर दुधी काचेसारखे पट्टे दिसतात. वेळेत स्टेरॉइड मिळालं तर बहुतेकांचं आटोक्यात येतं, उशीर झाला तर जिवावर बेततं. आणि स्कॅनला पाठवताना चिठ्ठीवर 'इम्युनोथेरपी चालू, अमुक तारखेपासून' हे लिहून न्या. चिठ्ठीवर ते नसेल तर रेडिओलॉजिस्ट त्याला साधं इन्फेक्शन समजू शकतो.

गोदाकाठचा

चिठ्ठीबद्दल शंभर टक्के. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'फॉलोअप' असतं.

अक्षांश_५२

टेकडीवरचा, तुमचं वाक्य भिंतीवर लावतोय. आपल्याकडेही पाया घातला जातोय. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने खरगपूरच्या आयआयटीसोबत 'छवी' नावाचा कॅन्सरच्या प्रतिमांचा संग्रह उभारलाय. आपल्या रुग्णांचे, आपल्या मशीनवरचे स्कॅन जपून ठेवल्याशिवाय पुढचं काहीच होणार नाही.

आता इथलं, नेदरलँड्समधलं, एक सांगतो, कारण ते मला ह्या सगळ्यात सुंदर वाटतं. ग्रोनिंगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात अटेझोलिझुमॅब ह्या इम्युनोथेरपीच्या औषधालाच झिरकोनियम-८९ चा किरणोत्सारी अणू जोडला आणि उपचाराआधी २२ रुग्णांना टोचलं. २०१८ मध्ये नेचर मेडिसिन ह्या नियतकालिकात आलं. साखरेसारखा तासाभराचा मामला नाही. हे औषध म्हणजे प्रतिपिंड (अँटिबॉडी). प्रतिपिंड मोठे असतात, रक्तातून गाठीपर्यंत पोचायला दिवस घेतात, म्हणूनच ज्याचं आयुष्य ७८ तासांत निम्मं होतं असा अणू निवडला. चौथ्या आणि सातव्या दिवशी चित्रं घेतली. औषध शरीरात कुठे जाऊन बसलंय ते चक्क डोळ्यांना दिसतं! एकाच माणसाच्या एका गाठीत भरपूर, शेजारच्या गाठीत जवळपास काहीच नाही. तुकडा कुठल्या गाठीचा घेतला ह्यावर पीडी-एल१ चा रिपोर्ट का बदलतो ते त्या एका चित्रात कळतं. आणि ज्यांच्या गाठींत औषध जास्त साठलं त्यांना गुण जास्त आला. तुकड्यावरच्या चाचणीपेक्षा हे चित्र भवितव्य जास्त नीट सांगत होतं. बावीसच रुग्ण, हे विसरून चालणार नाही. तरी ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी घरी जाताना सायकल हातात धरून चालत गेलो होतो.

करवीरकन्या

अक्षांश, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे औषध कुठं गेलं ते माणसाला बघता येतं होय!"

डॉक्टर, नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी एकदा सोपं करून सांगा ना, स्कॅनच्या वेळी घरच्यांनी काय काय धरून ठेवायचं? कोवळं_ऊनना उपयोग होईल.

गोदाकाठचा

सांगतो.

औषध सुरू करायच्या अगदी जवळचा स्कॅन हवा. दोन महिन्यांपूर्वीच्या जुन्या स्कॅनवर काम भागवू नका, मधल्या काळात वाढलेलं सगळं औषधाच्या माथी बसतं. शक्यतो प्रत्येक वेळी त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, कॉन्ट्रास्टसह. पेट असेल तर साखरेचं इंजेक्शन आणि स्कॅन ह्यांत दर वेळी तेवढंच अंतर.

फिल्म नको, सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा आणि 'डायकॉम' (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स) हा शब्द वापरून मागा. पैसे भरतानाच मागा. काउंटरवर पावती फाडतानाच जे सहज मिळतं तेच सहा महिन्यांनी मिळत नाही, सातपुडांनी लिहिलंच आहे. घरी आल्यावर सीडी उघडून बघा, पुष्कळदा रिकामी निघते. एक प्रत दुसरीकडे ठेवा.

पुढच्या वेळी येताना सगळे जुने स्कॅन घेऊन या. आम्ही अलीकडच्या एकाशीच तुलना करतो आणि फसतो, तुलना सगळ्यात चांगल्या स्कॅनशीही व्हायला हवी. आणि रिपोर्टमध्ये 'वाढ' आलं तर तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कोणती गाठ वाढली आणि कोणत्या नाहीत, नवी गाठ आहे का, आणि माणसाची तब्येत बघता थांबणं सुरक्षित आहे का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या दोहोंत अडकू नका.

त्या काकांचं राहिलं. सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन झाला. गाठ ४१ वरून २४, कड पुन्हा स्वच्छ. ह्या वेळी रिपोर्टमध्ये मी सहा ओळी लिहिल्या.

सातपुडा

वाचून बरं वाटलं. खरंच.

कोवळं_ऊन

घरात सगळ्यांना हा धागा वाचायला दिला. एआयचं बारगळलं. पीडी-एल१ ला तुकडा पाठवलाय.

आज जुन्या सेंटरला जाऊन सीडी मागितली. आधी नाही म्हणाले, मग डायकॉम म्हटल्यावर आतून एक मुलगी आली, म्हणाली अर्धा तास थांबा. घरी येऊन उघडली. आहेत चित्रं, चारशेच्या वर. सासरे शेजारी बसून बघत होते, विचारत होते हे माझंच का.

नवा स्कॅन गुरुवारी, त्याच मशीनवर. चिठ्ठीवर तारीख लिहून घेतली आहे.